विश्लेषण : झोपलेला फोन रिंग येताच जागा कसा होतो?

रात्री पूर्ण चार्ज करून ठेवलेल्या फोनची बॅटरी सकाळी बरीच उतरलेली दिसली, की संशय बॅटरीवर जातो. अनेकदा कारण वेगळेच असते : फोन रात्रभर नीट झोपलेलाच नसतो. अँड्रॉइड फोनमध्ये हे झोपणे-उठणे कसे चालते?

स्क्रीन बंद म्हणजे फोन झोपला?

नाही. गाणी सुरू असताना स्क्रीन बंद असली तरी प्रोसेसर चालूच असतो. काम उरले नाही, की अँड्रॉइडचा गाभा असलेला लिनक्स कर्नल फोन 'सस्पेंड' करतो. आधी अ‍ॅप्स जागच्या जागी थांबवली जातात. मग कॅमेरा, टचस्क्रीन अशा प्रत्येक भागाच्या ड्रायव्हरला, म्हणजे तो भाग चालवणाऱ्या सॉफ्टवेअरला, आवरते घेण्याचा निरोप जातो. शेवटी प्रोसेसर थांबतो. रॅममधील माहिती टिकण्यापुरती वीज मात्र सुरू राहते.

मग कॉल कसा कळतो?

मोडेम, पॉवर बटण आणि गजराचे घड्याळ हे फोनचे रात्रपाळीचे पहारेकरी. 'आमचा इशारा आला तर उठवा,' अशी व्यवस्था त्यांचे ड्रायव्हर झोपण्यापूर्वीच करून ठेवतात. या इशाऱ्याला 'इंटरप्ट' म्हणतात. मोडेमचा स्वतःचा प्रोसेसर असतो आणि तो मोबाइल टॉवरकडे लक्ष ठेवून असतो. कॉल आला की तो इशारा देतो, मुख्य प्रोसेसर जागा होतो आणि ड्रायव्हर आपापले भाग पुन्हा सुरू करतात. झोपताना जो क्रम असतो, त्याच्या उलट क्रमाने हे घडते.

खरी अडचण कुठे?

फोन झोपण्याच्या बेतात असतानाच कॉल आला तर? किंवा मोडेमने उठवले, पण निरोप अ‍ॅपपर्यंत पोहोचण्याआधीच फोन पुन्हा झोपला तर? कॉल हुकेल. त्यावर अँड्रॉइडचा उपाय म्हणजे 'वेकलॉक'. तो घेतलेला असेपर्यंत फोनला झोपता येत नाही. लिनक्सच्या विकासकांना ही पद्धत पटली नव्हती. बराच वाद झाल्यावर २०१२ मध्ये लिनक्स ३.५ या आवृत्तीत त्याच धर्तीची सोय आली.

बॅटरी का उतरते?

घेतलेला वेकलॉक सोडलाच नाही, तर घरातला एकजण जागा म्हणून रात्रभर दिवा जळावा, तशी गत होते. त्यासाठी एक सदोष अ‍ॅप किंवा ड्रायव्हर पुरतो. म्हणून २०१५ मध्ये अँड्रॉइड ६.० मध्ये 'डोझ' आले. चार्जिंगला न लावलेला फोन बराच वेळ स्थिर पडून असेल, तर अ‍ॅप्सचे वेकलॉक दुर्लक्षिले जातात आणि त्यांची कामे अधूनमधून एकत्र उरकली जातात.

वापरकर्त्याने काय करावे?

सेटिंग्जमधील बॅटरी वापराची यादी पाहावी. फारसे न उघडलेले अ‍ॅप वर दिसत असेल, तर त्याच्या पार्श्वभूमीतील वापरावर मर्यादा घालावी. मात्र औषधांची आठवण करून देणाऱ्या किंवा कार्यालयीन निरोपांच्या अ‍ॅपवर ती घालू नये, सूचना उशिरा येऊ शकतात. दोष ड्रायव्हरमध्ये असेल, तर अ‍ॅप काढून उपयोग नाही. त्याची दुरुस्ती साधारणपणे सिस्टीम अपडेटमधूनच येते, त्यामुळे ते टाळू नये.