खिशांतील बहुरूपी

ग्रंथाची गोष्ट निराळी आणि यंत्रासाठीं लिहिलेल्या कृतीची गोष्ट निराळी. छापखाना बंद पडला तरी त्यांत छापलेला ग्रंथ वाचतां येतो. परंतु व्हिडिओ गेम ज्या कन्सोलसाठीं लिहिला तो कन्सोल नाहींसा झाला, म्हणजे खेळ शाबूत असूनहि मुका होतो. कारण खेळ म्हणजे एका विशिष्ट प्रोसेसरच्या भाषेंत लिहिलेल्या आज्ञांची मालिका होय, आणि ती भाषा दुसऱ्या प्रोसेसरला कळत नाहीं. हें संकट काल्पनिक नव्हे. 'व्हिडिओ गेम हिस्टरी फाउंडेशन' या अमेरिकन संस्थेनें २०२३ सालीं प्रसिद्ध केलेल्या पाहणींत असें आढळून आलें कीं, २०१० पूर्वीं अमेरिकेंत विक्रीस आलेल्या खेळांपैकीं शेंकडा ८७ खेळ बाजारांत मिळेनासे झाले आहेत. असे खेळ पुन्हां चालते करावयाचे, तर जुन्या यंत्राचें सोंग नव्या यंत्राकडून वठवून घेणें हाच मुख्य उपाय उरतो.

हें सोंग वठविणाऱ्या प्रोग्रामला 'एम्युलेटर' म्हणतात. बहुरूप्यानें फौजदाराचा वेष घेतला, कीं गांवकऱ्यांना तो क्षणभर फौजदारच वाटतो. त्याप्रमाणें एम्युलेटर चालू असतां खेळाला आपण आपल्या मूळच्या कन्सोलवरच चाललों आहों असें वाटलें पाहिजे. कल्पना जुनीच आहे. आय. बी. एम. कंपनीनें १९६४ सालीं 'सिस्टिम ३६०' ही संगणकांची मालिका जाहीर केली, तेव्हां तिच्यांतील कांहीं संगणकांत आपल्याच जुन्या १४०१ संगणकाचे प्रोग्राम चालविण्याची सोय तिनें ठेवली होती. गिऱ्हाइकांनीं वर्षानुवर्षें खपून तयार करविलेले प्रोग्राम टाकून द्यावे लागले असते, तर नवा संगणक घेण्यास कित्येकजण कचरले असते.

टेबलावरच्या मोठ्या संगणकाला लहान कन्सोलचें सोंग फारसें जड जात नाहीं. खरी कसोटी लागते ती हातांत धरून खेळावयाच्या यंत्रावर. तेथें बॅटरी लहान, स्मृति बेताची आणि प्रोसेसरहि जेमतेम. या कसोटीचें एक उत्तम उदाहरण म्हणजे २००६ सालीं प्रसिद्ध झालेला 'जीपीएसपी' हा एम्युलेटर होय. 'एक्सोफेज' या टोपणनांवानें लिहिणाऱ्या एका हौशी प्रोग्रामरनें तो रचिला. निन्टेन्डो कंपनीच्या २००१ सालच्या 'गेम बॉय अॅडव्हान्स' या यंत्राचे खेळ सोनी कंपनीच्या 'प्लेस्टेशन पोर्टेबल' या यंत्रावर चालवावयाचे, हें त्याचें काम. सोनीचें हें यंत्र डिसेंबर २००४ मध्यें जपानांत विक्रीस आलें होतें.

अडचण कोठें होती हें थोड्या हिशेबानें स्पष्ट होईल. प्रोसेसर घड्याळाच्या ठेक्यावर काम करितो. गेम बॉय अॅडव्हान्सचे ठेके सेकंदाला १,६७,७७,२१६ पडतात. त्याच्या पडद्यावरील एक चित्र पुरें होण्यास नेमके २,८०,८९६ ठेके लागतात. म्हणजे सेकंदाला सुमारें साठ चित्रें होतात. सोनीच्या यंत्राचा प्रोसेसर पूर्ण वेगानें चालविला तर सेकंदाला सुमारें ३३ कोटि ३० लक्ष ठेके देतो. भागाकार केला असतां जुन्या यंत्राच्या एका ठेक्यामागें नव्या यंत्राच्या पदरीं सुमारें वीस ठेके पडतात. वीस पट वेग म्हणजे चैनच, असें सकृद्दर्शनीं वाटेल. परंतु या विसांतून प्रोसेसरचें सोंग तर आणावयाचेंच, शिवाय जुन्या यंत्रांत चित्र व आवाज यांसाठीं जीं स्वतंत्र मंडलें होतीं त्यांचेंहि काम भागवावयाचें. एका नटानें साऱ्या नाटकमंडळीच्या भूमिका एकट्यानें करण्यासारखा हा प्रकार आहे.

एम्युलेटर लिहिण्याची सर्वांत सोपी रीत देवळांत पुराण सांगणाऱ्या पुराणिकबुवांच्या रीतीसारखी आहे. बुवा पोथींतील एक श्लोक वाचतात, त्याचा पदच्छेद करितात, अर्थ सांगतात आणि मग पुढच्या श्लोकाकडे वळतात. तोच श्लोक दुसऱ्या दिवशीं आला, तरी पुन्हां पहिल्यापासून तोच खटाटोप. साधा एम्युलेटरहि जुन्या प्रोसेसरची एक आज्ञा उचलतो, ती कोणती हें ओळखतो, ती आज्ञा अमलांत आणण्याची अट पुरी झाली आहे कीं नाहीं हें पाहतो, सांगितलेलें काम करितो, किती ठेके खर्च झाले त्याची नोंद ठेवतो आणि पुढच्या आज्ञेकडे जातो. जुन्या एका आज्ञेसाठीं नव्या यंत्राच्या कित्येक आज्ञा अशा रीतीनें खर्चीं पडतात. खेळांतील तेंच आवर्तन एका सेकंदांत हजारों वेळां फिरत असतें, आणि प्रत्येक वेळीं पदच्छेद पुन्हां नव्यानें होतो. वीस ठेक्यांची शिल्लक येथेंच संपून जाते.

यावरचा उपाय मराठी वाचकांस ऐकून सांगण्याची गरज नाहीं. रोज अर्थ सांगत बसण्याऐवजीं पोथीचें प्राकृत भाषांतर एकदांच लिहून ठेविलें, कीं पुढें ज्याला त्याला तें सरळ वाचतां येतें. जीपीएसपीनें हेंच केलें. खेळाचा एखादा भाग प्रथम चालू होतो, त्या वेळीं त्यांतील आज्ञांचें नव्या प्रोसेसरच्या भाषेंत भाषांतर होतें, तें स्मृतींत राहतें, आणि पुढच्या प्रत्येक वेळीं मूळ आज्ञांकडे न पाहतां तें भाषांतरच चालविलें जातें. खेळ चालू असतांनाच भाषांतर होत असल्यामुळें या रीतीस 'डायनॅमिक रीकंपायलेशन' म्हणतात. वेगांत सर्वांत मोठा लाभ होतो तो येथें.

परंतु भाषांतरहि शब्दाला शब्द ठेवून केलें तर तें बोजड होतें. गेम बॉय अॅडव्हान्सचा प्रोसेसर 'आर्म' कुळांतला. सोनीचा 'मिप्स' कुळांतला. दोघांच्या संवयी भिन्न आहेत. आर्म प्रोसेसर गणित केल्यावर चार खुणा करून ठेवितो: उत्तर शून्य आलें काय, ऋण आलें काय, हातचा राहिला काय आणि आंकडा घरांत मावला काय. त्यांतून गेम बॉय अॅडव्हान्सच्या कार्ट्रिजकडील मार्ग १६ बिटांचाच असल्यानें बहुतेक खेळ 'थम्ब' या आखूड आज्ञांच्या बोलींत लिहिलेले असत, आणि त्या बोलींत जवळ जवळ प्रत्येक गणिती आज्ञा या खुणा नव्यानें करिते. मिप्स प्रोसेसरला अशा खुणा नाहींतच. त्या हातानें काढावयाच्या म्हणजे एका बेरजेसाठीं पांच-सहा आज्ञा.

आतां एखादा कारकून प्रत्येक रकमेपुढें शेरा लिहितो, पण हिशेबनीस पानाच्या शेवटचा शेरा तेवढा वाचतो, अशी कल्पना करा. मधले शेरे गाळले तर कोणाचें कांहींच बिघडत नाहीं. भाषांतर करणारा प्रोग्राम आज्ञांचा तुकडा शेवटाकडून तपासतो आणि जी खूण वाचली जाण्यापूर्वींच पुसली जाणार आहे, ती काढण्याचे श्रमच घेत नाहीं. त्याचप्रमाणें आर्म प्रोसेसरजवळ आंकडे हाताशीं ठेवण्याचीं सोळा घरें, म्हणजे रजिस्टरें, असतात. मिप्सजवळ तीं बत्तीस आहेत. अर्थात् जुन्या यंत्राचीं घरें नव्या यंत्राच्या घरांत कायमचीं वसवितां येतात आणि स्मृतीकडे होणाऱ्या खेपा वांचतात.

भाषांतर जपून ठेवण्यांत एक धोकाहि आहे. मूळ पोथीच मध्यें बदलली तर? हें प्रत्यक्ष घडतें. गेम बॉय अॅडव्हान्समध्यें ३२ किलोबाइटांची एक जलद स्मृति असे. वेगाच्या आज्ञा खेळ तींत उतरवून घेत, आणि काम संपल्यावर त्याच जागीं दुसऱ्या आज्ञा लिहीत. एम्युलेटरनें जुनेंच भाषांतर चालविलें तर खेळ भलतीकडे जाईल. म्हणून अशा स्मृतींत ज्या जागांचें भाषांतर झालें आहे, त्यांवर खूण ठेवावी लागते. तेथें नवें कांहीं लिहिलें गेलें कीं जुनें भाषांतर रद्द करावें लागतें. असें रद्द करणें महाग पडतें, म्हणून तें जितकें क्वचित् होईल तितकें बरें.

आणखी एक मोठी बचत निव्वळ वाट पाहण्यांत आहे. खेळाचा प्रोसेसर एका चित्राचें काम आटोपल्यावर पुढच्या चित्राची वेळ होईपर्यंत कांहींच करीत नाहीं; परंतु पुष्कळ खेळांत हें 'कांहींच न करणें' म्हणजे 'वेळ झाली काय?' असें स्मृतीला पुन्हां पुन्हां विचारीत राहणें असतें. फलाटावरील उतारूनें गाडी आली काय म्हणून स्टेशनमास्तरला क्षणाक्षणाला विचारावें, तसें. एम्युलेटरनें इमानानें हे सारे प्रश्न विचारावयाचे म्हणजे रिकामपणाचें सोंग आणण्यासाठींच घाम गाळणें होय. जीपीएसपीसोबत एक यादी असे. तींत कोणत्या खेळांत असें रिकामें आवर्तन कोठें आहे, हें खेळागणिक नोंदविलेलें होतें. त्या जागीं पोंचतांच एम्युलेटर मधला सारा वेळ ओलांडून पुढच्या घटनेवर जातो.

चित्राच्या बाबतींतहि असेंच तारतम्य लागतें. जुनें यंत्र चित्र ठिपक्याठिपक्यानें काढी. एम्युलेटर एक संपूर्ण ओळ एकदम काढतो. तेवढ्यानेंहि भागलें नाहीं, तर एखादें चित्र काढण्याचें गाळतो, पण खेळाचा हिशेब मात्र चालूच ठेवितो. डोळा हें पुष्कळसें सहन करितो. कान तितका उदार नाहीं: आवाजांत लहानशी खांच पडली तरी ती कट् कट् अशी तत्काळ ऐकूं येते. म्हणून काटकसर करावयाची ती चित्रांत, आवाजांत नव्हे, असा या धंद्यांतला सामान्य नियम आहे. स्मृतीचीहि अशीच ओढाताण होती. सर्वांत मोठीं कार्ट्रिजें ३२ मेगाबाइटांचीं, आणि सोनीच्या पहिल्या यंत्राची सारी स्मृतिच ३२ मेगाबाइटांची. सबंध खेळ तींत मावणें अशक्य. तेव्हां लागेल तो तुकडा मेमरी स्टिकवरून आणावयाचा आणि न लागणारा टाकून द्यावयाचा, अशी व्यवस्था करावी लागली.

या सर्व युक्त्यांच्या मुळाशीं एकच तत्त्व आहे: ज्या श्रमाचें फळ कोणास दिसणार वा ऐकूं येणार नाहीं, तो श्रम करूं नये. परंतु 'कोणास दिसणार नाहीं' हें ठरविण्यांतच खरी जोखीम आहे. सुपर निन्टेन्डो कन्सोलवरील 'एअर स्ट्राइक पॅट्रोल' या खेळांत विमानाखालीं पडणारी सावली ओळ काढली जात असतांनाच मध्यें फेरफार करून उमटविलेली आहे. जो एम्युलेटर ओळ एकदम काढतो, त्यांत ती सावली उमटतच नाहीं. खेळ चालतो, वेगहि उत्तम असतो, आणि ज्यानें मूळ खेळ पाहिला नाहीं त्याला कांहीं उणें आहे याची शंकाहि येत नाहीं. अशा चुका मुळींच राहूं नयेत म्हणून 'बीस्नेस' नांवाच्या एम्युलेटरनें उलट मार्ग धरिला. सुपर निन्टेन्डोचा प्रोसेसर फार तर ३.५८ मेगाहर्ट्झचा, पण त्याचें हुबेहूब सोंग आणावयाचें तर सुमारें ३ गिगाहर्ट्झचा प्रोसेसर हवा, असें त्याच्या कर्त्यानें २०११ सालीं लिहिलें. म्हणजे अचूकपणाची किंमत कित्येक शतपटींनीं मोजावी लागते, आणि ती खिशांतील यंत्राला परवडण्यासारखी नव्हती.

म्हणून दोन्ही मार्गांचें प्रयोजन आहे. पुराणवस्तुसंग्रहालयांत ठेवावयाची प्रत कानामात्रेसह शुद्ध हवी. प्रवासांत वाचावयाची प्रत हलकी असली तरी चालते, मात्र ती हलकी आहे हें वाचकास ठाऊक असावें. शुद्ध प्रत कोठें तरी असल्याखेरीज हलक्या प्रतींत काय सुटलें हें कळण्यास मार्ग नाहीं. अचूक एम्युलेटरांनीं जुन्या यंत्रांची बारीकसारीक वागणूक शोधून नोंदविली, आणि जलद एम्युलेटरांना कोठें हात आंखडावा व कोठें आंखडूं नये हें त्या नोंदींवरूनच ठरवितां येतें.

पुढील काळांत हातांतील यंत्रें पुष्कळ वेगवान् झालीं. जीपीएसपीचा सोर्स कोड खुला असल्यानें तो इतर लहान यंत्रांवरहि गेला. त्यांतील जीं यंत्रें स्वतः आर्म कुळांतलीं होतीं, त्यांच्यावर तर भाषांतराचें काम एका बोलींतून शेजारच्या बोलींत जाण्याइतकें सोपें झालें. तरीहि प्रश्न मिटला असें नाहीं. अॅपल कंपनीनें एप्रिल २०२४ मध्यें आपल्या अॅप स्टोअरवर जुन्या कन्सोलच्या एम्युलेटरांना मुभा दिली, परंतु चालू असतां नव्या आज्ञा तयार करण्याची परवानगी दिली नाहीं. त्यामुळें तेथें पुराणिकबुवांचीच रीत भाग पडली. गेम बॉय अॅडव्हान्सच्या खेळांना आधुनिक फोनवर ती पुरून उरते; गेमक्यूबसारख्या मोठ्या कन्सोलला ती पुरत नाहीं. शिवाय जो खेळ थोड्या श्रमांत चालतो, त्याच्यासाठीं प्रोसेसरचा वेग उतरवितां येतो, यंत्र तापत नाहीं आणि बॅटरी अधिक वेळ टिकते. आगगाडीच्या लांबच्या प्रवासांत मुलांच्या हातीं हा बहुरूपी देणाऱ्या घराला एवढा लाभ सहज ध्यानांत येईल.