कोहळ्याचे सूप

कोहळे म्हटले की आपल्या वर्धा जिल्ह्यात पंगतीतली भाजी आठवते, नाहीतर सणाची बोंडे. 'सूप' म्हटले की मात्र हॉटेल आठवते. हे दोन्ही शब्द एकत्र आणून आमच्या चुलीवर मी जो पदार्थ करते, त्याची माहिती येथे देत आहे. तो दाट आणि मलईदार होतो, पण त्याला मलई लागत नाही.

आधी नावाचा घोळ मिटवू. आपण वैदर्भीय ज्याला कोहळे म्हणतो, त्याला पुण्या-मुंबईकडे लाल भोपळा किंवा डांगर म्हणतात. त्यांचा कोहळा म्हणजे पेठ्याचा, पांढऱ्या गराचा. छापील पुस्तकावरून स्वयंपाक करणाऱ्याने हे ध्यानात ठेवावे.

मी सूप करणार म्हटल्यावर माय म्हणाली, "सूप तं भिंतीले टांगलं हाये, काय पाखडाचं हाये आता?" तिचे चुकले नाही. पण संस्कृतात सूप म्हणजे डाळीचे पातळ कालवण आणि सूपकार म्हणजे स्वयंपाकी. शब्द काही परका नाही. उलट परके आहे ते कोहळेच! त्याचे मूळ घर अमेरिका. मिरची आणि बटाट्याप्रमाणे तेही १४९२ नंतरच जुन्या जगात आले, आणि आज आपल्या गोठ्याच्या छतावर वेल चढवून बसले आहे.

आता कृती. अर्धा किलो कोहळ्याची साल काढून फोडी कराव्यात. कापल्यावर गर गडद केशरी दिसेल असेच कोहळे घ्यावे. काही दिवस ठेवलेले असल्यास उत्तम, कारण साठवणीत त्यातील पिष्ठाची साखर होत जाते. दोन चमचे तेलात जिरे, चार मिरे, दालचिनीचा तुकडा, एक कांदा, चार लसूणपाकळ्या आणि बोटाच्या पेराएवढे आले परतावे. मग फोडी टाकून, झाकण न ठेवता, कडा तांबूस होईपर्यंत परताव्यात. ही पायरी कंटाळवाणी आहे, पण सगळी चव येथेच येते. नंतर फोडी जेमतेम बुडतील इतकेच पाणी, मीठ आणि अर्धा चमचा धनेपूड घालून शिजवावे. पाणी जास्त झाले तर सूप न होता भाजीचा रस्सा होतो.

शिजताना फोडींमधील पेशींना धरून ठेवणारे पेक्टिन विरघळते. म्हणून दालचिनी काढून रवीने घोटले की गर एकजीव होतो. दाटपणा येतो तो यामुळे. मिक्सर असल्यास ठीकच, पण वीज गेली म्हणून काही अडत नाही. शेवटी भाजलेल्या शेंगदाण्याचे दोन चमचे बारीक कूट आणि कपभर दूध घालून आच मंद करावी. उकळी आणू नये. लिंबू पिळायचे तर वाटीत, तेही दोन-चार थेंब. पातेल्यात पिळल्यास दूध फाटते.

तेल आणि दाणे केवळ चवीसाठी नाहीत. कोहळ्याच्या केशरी रंगद्रव्यापासून शरीर अ जीवनसत्त्व तयार करते, आणि ते अंगी लागायला स्निग्ध पदार्थ लागतो. या जीवनसत्त्वाच्या अभावी रातांधळेपणा येतो.

येथून जवळच, सेवाग्रामच्या आश्रमात, भाज्या उकडून, मसाल्यावाचून खाल्ल्या जात. गांधीजी तेथे १९३६ साली राहायला आले, आणि त्यांच्या एकादश व्रतांत अस्वादही होते. त्या व्रताबद्दल मला आदर आहे. पण मजुराच्या घरी अस्वाद हे व्रत नसते, परिस्थिती असते. म्हणून मला चार मिरे हवेतच.

मायचा खरा प्रश्न वेगळा होता : "यानं पोट भरते का?" हॉटेलात सूप जेवणाआधी देतात, भूक वाढावी म्हणून. दिवसभर निंदण करून आलेल्या बाईची भूक वाढवण्याची गरज नसते. त्यामुळे आमच्याकडे ते वरणाच्या जागी असते. ज्वारीची भाकर कुस्करून खातात. आषाढ-श्रावणात भाज्या महागतात आणि पाऊस लागला की रोजही बुडतो. त्या दिवसांत देठासकट काढून कोरड्या जागी ठेवलेले एक कोहळे पाच माणसांच्या दोन-तीन जेवणांना पुरते.

रात्री उरलेले सूप सकाळपर्यंत घट्ट होते. त्यात ज्वारीचे पीठ, तिखट आणि तीळ घालून माय धपाटे थापते, आणि तेच माझ्या डब्यात असतात.