मैदान, नाच आणि नीती

चौकार गेला की टाळ्या वाजवायच्या आणि आपला गडी बाद झाला की हळहळायचे, एवढी करमणूक आपल्या नाशिकच्या हुतात्मा अनंत कान्हेरे मैदानावरील रणजी सामन्याला पुरते. व्यावसायिक क्रिकेटचे तसे नाही. तेथे प्रेक्षक तीन-चार तासांच्या करमणुकीचे पैसे मोजतो, आणि ती पुरविणे हा संघमालकांच्या धंद्याचाच भाग असतो. मग समाजाने या करमणुकीलाच हरकत घेतली, तर संघांनी काय करावे?

हा प्रश्न आपल्याकडे २००८ साली उभा राहिला. १८ एप्रिल रोजी बंगळूरला इंडियन प्रीमियर लीगचा पहिला सामना झाला, तेव्हा यजमान संघाने अमेरिकेतील एका फुटबॉल संघाच्या चिअरलीडर आणल्या होत्या. चौकार-षटकारांगणिक सीमारेषेबाहेर तोकड्या कपड्यांतील नाच सुरू झाला. लवकरच महाराष्ट्राचे तत्कालीन गृहराज्यमंत्री सिद्धाराम म्हेत्रे यांनी त्यावर अश्लीलतेचा आक्षेप घेतला.

महाराष्ट्रात या वादाला वेगळीच धार होती. २००५ साली राज्याने डान्स बारवर बंदी घातली, पण बड्या तारांकित हॉटेलांना तीतून वगळले. मुंबई उच्च न्यायालयाने २००६ साली ही बंदी घटनाबाह्य ठरविली. पुढे २०१३ साली सर्वोच्च न्यायालयानेही तोच निकाल कायम केला. २००८ मध्ये हे प्रकरण न्यायप्रविष्ट होते. साहजिकच लोकांनी विचारले, 'बारमधल्या नाचाने समाज बिघडतो, तर हजारो प्रेक्षकांपुढचा आणि दूरचित्रवाणीवरून घराघरांत पोचणारा नाच कसा चालतो?'

संघांना सुचलेले एक उत्तर पोशाखाचे होते. २०११ ते २०१३ या काळात लीगमध्ये खेळलेल्या पुणे वॉरियर्सने भारतीय पोशाखात भारतीय नृत्ये करणाऱ्या 'चिअर क्वीन्स' आणल्या. तोडगा चतुर खरा. पण कापड वाढविल्याने प्रश्न सुटतो काय? लावणी नाचणारी स्त्री तर नऊवारीत घोट्यापर्यंत झाकलेली असते. तरीही स्वातंत्र्यानंतर थोड्याच काळात मुंबई सरकारने तमाशावर बंदी घातली आणि पुढे अटींवर ती उठविली. म्हणजे आक्षेप केवळ कपड्याला नव्हता. नाचून पोट भरणाऱ्या बाईकडे आपण ज्या नजरेने पाहतो, तिचे मूळ त्यात होते. बंदी आली की फड बसतो, नाचणारीची चूल विझते. मालक दुसरा धंदा पाहतो.

येथे एक अलीकडचे उदाहरण बोलके आहे. २२ एप्रिल २०२५ रोजी पहलगामचा हल्ला झाला. दुसऱ्याच दिवशी हैदराबादला मुंबई इंडियन्सचा सामना झाला, तो चिअरलीडर व आतषबाजी यांच्याविना. काही दिवस थांबलेली स्पर्धा पुन्हा सुरू होताना सुनील गावसकरांनीही उरलेले सामने नाचगाण्याविना व्हावेत, असे सुचविले. क्रिकेटचे अडले नाही. यावरून एवढे कळते, की नाच ही खेळाची गरज नसून आयोजकांची निवड आहे, आणि ती एका रात्रीत बदलता येते.

तेव्हा जाबही निवड करणाऱ्यालाच विचारला पाहिजे. तो नाच हवा कशाला, नाचणारीला मोबदला किती, प्रेक्षकांच्या शेरेबाजीपासून तिला संरक्षण कोणते, हे प्रश्न मालकाच्या दारी न्यावेत. तिच्या घागऱ्याची लांबी मोजत बसणे सोपे असते. म्हणूनच आपण आजवर तेवढेच केले.