टिटवी, तुतवार आणि मी

चंद्रपूरच्या माणसाने किनाऱ्यावरील पक्ष्यांची छायाचित्रे काढायला निघावे, हे वाचून मुंबई-रत्नागिरीकडच्या मंडळींना हसू फुटेल. तुमचा समुद्र तुम्हांला लखलाभ असो! किनारा आमच्याकडेही आहे. फक्त तो बारा महिने एका जागी राहत नाही. दर हिवाळ्यात नव्याने तयार होतो, आणि तो तयार करतो धानाचा शेतकरी.

हे जरा उलगडून सांगायला हवे. चंद्रपूर, गडचिरोली, भंडारा, गोंदिया या आमच्या झाडीपट्टीत गावोगाव जुने तलाव आहेत. गोंड राजांच्या अमदानीपासून तलाव बांधण्यात कोहळी समाजाचा हातखंडा. पुढे हे तलाव मालगुजारांकडे आले. १९५१ साली मालगुजारी संपली आणि ते 'माजी मालगुजारी' ठरले. लोकांनी आद्याक्षरे जोडून त्यांचे 'मामा तलाव' करून टाकले! भाषेच्या अध्यापकाला असली नाती फार आवडतात. पावसाळ्यात मामा तुडुंब भरतो. धानाला गरज पडली की त्याचे पाणी सुटते, आणि मग थंडीभर काठचा चिखल दिवसागणिक उघडा पडत जातो. त्या चिखलात किडे, अळ्या, गोगलगायी. दूर उत्तरेकडून आलेल्या पाहुण्यांचे पान तिथे वाढलेले असते.

भाच्याने नवा कॅमेरा घेतला आणि जुना, लांब पल्ल्याच्या भिंगासकट, माझ्या हवाली केला. ''मामा, पक्ष्यांपासून सुरुवात करा,'' म्हणाला. जानेवारीतल्या एका रविवारी सिंदेवाही तालुक्यातल्या एका तलावाच्या पाळीवर मी उभा राहिलो. तिथे जाळे सुकवीत बसलेल्या एका म्हाताऱ्या ढिवराने माझ्याकडे, मग त्या भिंगाकडे नीट पाहिले.

''गुरुजी, पाखरं पायाले आले का जी?''

''फोटो काढायला आलो, बाबा.''

''मंग बसा न जी एका जागी. पाखरं पाण्यामागं येतेत, मानसामागं नाही.''

छायाचित्रणावरची पुस्तके मी नंतर चाळली. एवढ्या थोडक्यात कोणी सांगितलेले आढळले नाही.

सूर्य पाठीशी घेऊन पळसाच्या सावलीत बसलो. पाऊण तास काहीच घडले नाही. मग हळूहळू पंगत बसू लागली, आणि काय सांगावे, प्रत्येकाचा पाट ठरलेला! शेकाट्या आपल्या लांबलचक गुलाबी पायांनी सरळ पाण्यात शिरला. तुतवार पाण्याच्या अगदी कडेला, शेपटीकडचा भाग सारखा वरखाली हलवीत. डोळ्याभोवती पिवळे कडे असलेला इवलासा चिखल्या त्याहून मागे, सुकत आलेल्या चिखलावर. पायांची आणि चोचीची लांबी ज्याची त्याची वेगळी, म्हणून एकाच काठावर भांडणावाचून सर्वांची सोय.

चिखल्या डोळ्यांनी शिकार शोधतो: तुरुतुरु धावतो, थबकतो, टिपतो. छायाचित्र घ्यायचे ते त्या थबकण्यात. तुतवार मात्र थबकला तरी त्याचे मागचे अंग थांबत नाही. त्या दिवशीच्या दोनशेदहा चित्रांपैकी 'यात पक्षी आहे' असे शपथेवर सांगता येईल अशी अकरा निघाली. सौभाग्यवतींच्या मते नऊ.

पण त्या अकरांत टिटवी नव्हती, आणि मला हवी होती तीच. टिटवी रात्री आभाळ तोलायला पाय वर करून झोपते, असे आमच्या आजीने सांगितलेले. शिवाय ज्ञानेश्वरीच्या पहिल्या अध्यायात चोचीने सागराचे माप घेऊ पाहणारी टिटवी मी वीस वर्षे वर्गात शिकवीत आलेलो. माउलींनी गीतार्थापुढे आपले लहानपण सांगायला निवडलेला हा पक्षी आपल्या हाताने एकदा टिपावा, असे मनात होते.

एप्रिलमध्ये पुन्हा गेलो. तलाव आटून मधोमध डबके उरलेले, काठाच्या मोठ्या भागावर बेशरमीचे दाट रान. तिथे चिखल्याला धावायलाही जागा नाही. ही झुडपे अशीच पसरत गेली, तर पाणी असेल आणि किनारा नसेल. म्हाताऱ्याने लांबूनच खड्यांकडे बोट दाखवले. खूप वेळाने उमगले: टोके आत करून मांडलेली चार अंडी, खड्यांच्याच रंगाची. टिटवीने डोक्यावर घिरट्या घालून आकांत मांडला.

चंद्रपूरचे एप्रिलचे ऊन मी इथल्यांना सांगायला नको. बाहेरच्यांना सांगून पटायचे नाही. त्या उन्हात टिटवी अंड्यांवर बसते ती ऊब द्यायला नव्हे, सावली द्यायला. ती जितका वेळ आपल्या भीतीने दूर राहील, तितका वेळ आतला जीव भाजत असतो. दहा पावले पुढे गेलो असतो तर हवे ते चित्र मिळाले असते. आम्ही दोघे पाळीच्या पलीकडे जाऊन बसलो.

ओरडणे थांबले. टिटवी थेट अंड्यांकडे गेली नाही. डबक्याशी उतरली, पाण्यात टेकली, पोटाची पिसे चांगली भिजवली आणि पाणी निथळवीत, थांबतथांबत, चालत अंड्यांवर येऊन बसली. पुन्हा उठली, पुन्हा डबक्याकडे. तासाभरात अशा तीन खेपा मी मोजल्या. म्हातारा म्हणाला, ''हे दुपारभर चालते जी.''

एवढ्या अंतरावरून जमले तसे एक चित्र घेतले. ते आता दिवाणखान्यात लावले आहे. येणारेजाणारे चष्मा सावरून विचारतात, ''मातीच दिसतेय. पक्षी कुठाय?'' सौभाग्यवती चहाचा कप खाली ठेवून उजव्या कोपऱ्यातल्या मोहरीएवढ्या ठिपक्यावर बोट ठेवतात.