ग्रहणाचा फोटो : रोल कोणता, काळजी कोणती?

येत्या २ ऑगस्ट २०२७ रोजी, सोमवारी दुपारनंतर, आपल्याकडे खंडग्रास सूर्यग्रहण दिसणार आहे. इजिप्तमध्ये ते खग्रास असेल. कर्जत-खालापुरात सूर्याचा काही भागच झाकला जाईल, तोही पावसाळी ढगांनी दर्शन दिले तर! घरात जुना रोलचा कॅमेरा असेल, तर त्याची तयारी आतापासून करता येईल.

आधी डोळ्यांची गोष्ट. सूर्याकडे पाहताना डोळ्याचा पडदा भाजला तरी दुखत नाही, कारण तेथे वेदना कळतच नाही. दिसेनासे होते तेव्हा उशीर झालेला असतो. पूर्वी लोक धुतलेल्या काळ्या-पांढऱ्या निगेटिव्हच्या दोन घड्या करून पाहत. रंगीत रोल धुतल्यावर त्यात चांदी उरत नाही. तो काळा दिसला तरी न दिसणारी उष्ण किरणे आत सोडतो. म्हणून निगेटिव्ह, एक्स-रे, काजळी धरलेली काच यांच्या नादी लागू नका. ग्रहणाचे प्रमाणित चष्मे किंवा वेल्डिंगची १४ नंबरची काचच वापरा. चष्मा लावून कॅमेऱ्यातून किंवा दुर्बिणीतून मात्र मुळीच पाहू नये. कॅमेऱ्याला सूर्यासाठीच बनवलेला फिल्टर लागतो, आणि तो भिंगाच्या पुढच्या तोंडाला बसवायचा असतो.

आता रोल. सूर्य इतका तेजस्वी, की फिल्टरमधूनही १०० नंबरचा रोल पुरतो. हळू रोलचा दाणा बारीक असतो, आणि येथे त्याचीच गरज आहे. कारण ५० मिलिमीटरच्या भिंगाने सूर्य फिल्मवर अर्ध्या मिलिमीटरहून लहान उमटतो, २०० च्या भिंगाने दोन मिलिमीटरहून किंचित कमी. एवढे चित्र मोठे करायचे तर दाणा फुटता कामा नये. ४०० नंबरचा रोल खग्रासातील प्रभामंडळासाठी बरा. पारदर्शिकेपेक्षा निगेटिव्ह घ्यावी. प्रकाशाचा अंदाज थोडा चुकला तरी ती सांभाळून घेते. तरीही एकच फोटो वेगवेगळ्या वेगांनी तीनदा काढावा.

रोलवरची मुदत पाहून घ्या. कोकणातल्या दमट हवेत तो उघडा ठेवू नका. पहिला फोटो अंगणाचा किंवा बैलांचा काढा. काळ्या फिल्मवर एक बारीक ठिपका पाहून स्टुडिओवाला पट्टी भलतीकडे कापू शकतो. पहिल्या फोटोवरून त्याला चौकटी कळतात. ‘सर्व कॉप्या काढा’ असेही सांगावे.

जागा आधीच हेरून ठेवा. २५ ऑक्टोबर २०२२ चे ग्रहण सूर्यास्तापर्यंत चालले होते. अशा वेळी नेरळ-कर्जतकडे माथेरानचा डोंगर सूर्याला लवकर झाकतो. २६ डिसेंबर २०१९ सारख्या सकाळच्या ग्रहणाला खोपोलीकरांच्या पूर्वेला घाट आडवा येतो.

फिल्टर मिळाला नाही तर हिरमुसू नका. आंब्याखाली जा. पानांच्या फटींतून येणारे कवडसे ग्रहणात चंद्रकोरीसारखे होतात. सारवलेल्या अंगणात पांढरी चादर अंथरा आणि सूर्याकडे पाठ करून त्या कोरींचाच फोटो घ्या. ४०० चा रोल येथे कामाला येतो. ढगांनी कृपा केली, तर घरातली लहानथोर मंडळी त्या चादरीभोवती बसतील. तोही फोटो काढायला विसरू नका.