नऊ माणसांची गाडी

मागच्या महिन्याच्या बैठकीत बचत जमा झाली, प्रोसिडिंगवर सह्या झाल्या, पिशव्या आवरायला लागलो, तेवढ्यात आमच्या गटातल्या एका ताईंनी हळूच विषय काढला. म्हणाल्या, "मला साठ हजार अंतर्गत कर्ज पाहिजे." कशाला? तर गाडीला. डाउन पेमेंटला तेवढे कमी पडत होते.

मग काय, बैठक पुन्हा सुरू. निम्म्या जणी म्हणाल्या, गाडी ही चैन आहे, शेळीला, शिलाई मशीनला कर्ज द्यायचं सोडून गाडीला कसलं देता? निम्म्या म्हणाल्या, घरात नऊ माणसं, सासूबाईंचे गुडघे गेलेले, त्यांनी देवाला जाऊच नये का? शेवटी ठरलं की निर्णय पुढच्या बैठकीत, आणि तोवर ताईंनी घरात बसून सगळा हिशोब कागदावर मांडून आणायचा. त्यांच्या शेजारी बसून मीही मांडला, कारण आमच्याही घरात हे सगळं दोन वर्षांपूर्वी होऊन गेलंय. आज तेच सांगते.

आमचं घर म्हणजे पायाला भिंगरी. पौषात पालीच्या खंडोबाची जत्रा, चैत्रात शिखर शिंगणापूर नाहीतर जोतिबा. श्रावणात सज्जनगड, ठोसेघर. थंडीत पोरांना बामणोलीहून लाँचने पलीकडे जाऊन वासोटा चढायचा असतो. बरं, नुसतं जाऊन येणं नाही. स्टोव्ह, पातेली, तांदळाची पिशवी, सतरंजी, पाण्याचे कॅन, सगळं बरोबर. वाटेत झाड बघून तिथंच चूल मांडायची. इतकी वर्षं हे सगळं वडापच्या जीपमधून केलं. माणसावर माणूस, दोन पोरं मांडीवर आणि एक जण मागच्या शिडीला लोंबकळत.

गाडीचा विषय निघाला की घरातली तरणी पोरं आधी थार दाखवतात. दिसायला झकास, डोंगरात चारी चाकं ओढतात, सगळं खरं. पण तीन दरवाजांच्या थारमध्ये चार माणसं बसतात. नऊ जणांच्या घरात चौघं डोंगरावर आणि पाच जण उंबऱ्यात. आणि डांबरी घाटाला, शेताच्या पाणंदीला दर वेळी चारी चाकांची ओढ लागतच नाही. मागची दोन चाकं ओढणारी साधी गाडी पुष्कळ होते.

ही मागच्या-पुढच्या चाकांची गोष्ट समजून घ्या, शोरूममध्ये ती कुणी आपणहून सांगत नाही. काही गाड्यांत इंजिनची ताकद पुढच्या चाकांना मिळते, काहींत मागच्या. चढावर गाडी भरलेली असली की सगळा भार मागं सरकतो. पुढची चाकं हलकी होतात, आणि ओल्या मुरमावर, शेवाळलेल्या वाटेवर तीच जागच्या जागी फिरायला लागतात. मागची चाकं ओढणारी असली तर त्यांच्यावर भार आलेला असतो, ती जमीन धरतात. बोलेरो आणि इको या दोन्ही मागच्या चाकांच्या. एर्टिगा आणि ट्रायबर पुढच्या चाकांच्या. डांबरी रस्त्यावर हा फरक जाणवणारही नाही. तुमच्या घरापर्यंतचा शेवटचा अर्धा किलोमीटर कसा आहे, त्यावर ठरवा.

आता एकेक गाडी. बोलेरो 2000 सालापासून आहे आणि गावोगावच्या मिस्त्रीला तोंडपाठ आहे, हा तिचा मोठा गुण. सुटे भाग तालुक्याला मिळतात. पण जुनी बोलेरो आणि नवी बोलेरो यांत फरक आहे. जुनीचं इंजिन अडीच लिटरचं, 2016 मध्ये आलेल्या पॉवर प्लसचं दीड लिटरचं. यानं आपल्याला काय? तर विमा. सक्तीचा जो थर्ड पार्टी विमा असतो, त्याचे 2022 साली ठरलेले दर असे: 1000 ते 1500 सीसीच्या खासगी गाडीला वर्षाला 3416 रुपये, आणि 1500 सीसीच्या वर गेली की 7897 रुपये. वर जीएसटी वेगळा. म्हणजे जुनी अडीच लिटरवाली स्वस्त मिळाली म्हणून घेतली, तर दर वर्षी साडेचार हजार जास्त. डिझेल जास्त पिते ते निराळंच.

बोलेरोचा दोष मागच्या बाकड्यांचा. समोरासमोर, आडव्या बसायच्या त्या दोन जागा. घाटात तिथं बसलेल्याला उलटी ठरलेली. आणि कचकन ब्रेक लागला तर माणूस बाजूला फेकला जातो, समोर धरायला काही नसतं. आपण नेमकी पोरांनाच तिथं बसवतो! आमच्या घरात नियम केलाय, मागं बसायचं ते मोठ्यांनी, पोरं मधल्या सीटवर, पट्टा लावून. चौदा वर्षांच्या आतल्या मुलाला पट्टा किंवा मुलांचं आसन नसेल तर एक हजार रुपये दंड कायद्यात आहेच, पण दंड राहू द्या.

इको चढायला सोपी. दरवाजा सरकतो, पायरी खाली आहे, नऊवारी नेसलेल्या सासूबाई कुणाचा हात न धरता बसतात. हे मी मुद्दाम सांगते, कारण गाडी बघायला बापे जातात आणि बोनेट उघडून बघतात. चढून बघायचं असतं ते आजीनं. जमल्यास गाडी बघायला जाताना तिला बरोबर न्या. इको आहे पेट्रोलवर, किंवा सीएनजीवर. सीएनजी घेणार असाल तर पंप किती लांब आहे आणि तिथं रांग किती असते ते आधी बघून या, आणि सिलिंडर सामानाची जागा खातो हेही. इको अंगानं हलकी आणि जमिनीपासून बेताच्या उंचीची. खडकाळ पाणंदीला खालून घासते. शिवाय 2016 मध्ये ग्लोबल एनकॅप या संस्थेनं तेव्हाची एअरबॅग नसलेली इको आदळून तपासली, तेव्हा तिला एकही तारा मिळाला नव्हता. म्हणून जुनी घेताना एअरबॅग असलेली बघावी, आणि वेग बेताचा ठेवावा.

एर्टिगाच्या सातही जागा पुढं तोंड करून आहेत, लांबच्या प्रवासाला अंग दुखत नाही. पण तिसरी रांग भरली की मागं पिशव्यांपुरतीच जागा उरते, पातेली ठेवायची कुठं? मग टपावर कॅरियर बसवतात. टपावर वजन चढलं की गाडीचा तोल वर जातो आणि वळणाला ती कलते. टपावर अंथरूण ठेवा, पाण्याचे कॅन नको. ट्रायबरची तिसरी रांग काढून घरी ठेवता येते, ही सोय छान आहे, पण तिचं इंजिन एक लिटरचं. सात माणसं घेऊन घाट चढताना दम लागतो.

सुमो अजून जुन्या बाजारात दिसते. ती 2019 मध्ये बंद झाली. सुमो हे नाव जपानी पैलवानांवरून नव्हे, तर टेल्कोचे प्रमुख सुमंत मुळगावकर यांच्या नावातलं 'सु' आणि 'मो' घेऊन ठेवलेलं, हे मला कॉलेजात असताना कळलं तेव्हा भारी वाटलं होतं. माणसं भरपूर बसतात, पण आता वय झालेली गाडी आहे. खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षं चालते. पुढं फिटनेस करून, पर्यावरण कर भरून पाच-पाच वर्षांनी वाढवावी लागते. तेरा वर्षांची गाडी स्वस्त दिसते ती त्यामुळं.

हप्त्याचं गणित मी बैठकीत फळ्यावर मांडलं होतं. सहा लाख कर्ज, दहा टक्के व्याज. पाच वर्षांनी फेडलं तर हप्ता सुमारे 12,750, व्याज सगळं मिळून 1 लाख 65 हजार. सात वर्षांनी फेडलं तर हप्ता दहा हजारांच्या आत येतो, बरं वाटतं, पण व्याज होतं 2 लाख 37 हजार. एजंट नेहमी हप्ताच सांगतो. आपण एकूण किती ते विचारायचं.

आणि आता जो प्रश्न कुणाला आवडत नाही तो. वर्षात किती दिवस गाडी लागते? समजा बारा फेऱ्या, दर फेरीला दीडशे किलोमीटर, आणि भाड्याची गाडी किलोमीटरला पंधरा रुपयांनी. वर्षाचे झाले 27 हजार. हप्ता वर्षाला दीड लाख, वर विमा, टायर, डिझेल. लांबच्या एकट्या-दुकट्या प्रवासाला तर एसटी आहेच. मार्च 2023 पासून बायकांना निम्मं तिकीट आहे, पंचाहत्तरीच्या पुढच्यांना फुकट. फक्त देवाला जायला गाडी घेत असाल तर भाड्यानं जा, पैसे उरतील. गाडी परवडते ती रोज राबली तर. दूध डेअरीला, भाजी बाजारात, पोरं शाळेत. ताईंच्या घरी दोन म्हशी आणि अर्ध्या एकरात भाजी होती, म्हणून त्यांचं गणित बसायला लागलं.

इथं एक जण म्हणाली, "मोकळ्या दिवशी भाडी मारायची की!" नाही. पांढऱ्या पाटीच्या गाडीला भाड्यानं माणसं नेण्याचा परवाना नसतो. कायद्यात दहा हजारांचा दंड आहे आणि शिक्षाही आहे. त्याहून वाईट म्हणजे भाड्यावर असताना अपघात झाला तर विमा कंपनी हात वर करू शकते. भाडी मारायची असतील तर पिवळी पाटी, परमिट, सगळं रीतसर करा, मग तो धंदा झाला आणि त्याला गटाचं कर्ज मागताना कुणी नाक मुरडणार नाही.

जुनी गाडी घेताना आम्ही कुठं फसलो ते सांगते. पहिली गाडी आम्ही एका ओळखीच्या दलालाकडून ठरवली आणि वीस हजार इसार देऊन आलो. गाडी चकाचक. आरसीच्या कागदावर खाली कर्ज देणाऱ्या कंपनीचं नाव होतं, ते आमच्या दिरांनी वाचलंच नाही. मूळ मालकाचे हप्ते थकलेले. गाडी आमच्या नावावर होऊच शकत नव्हती. इसारातले आठ हजार अजून आलेले नाहीत.

तर आरसी नीट वाचा. एमपरिवहन ॲपवर नंबर टाकला की कर्ज आहे का, विमा कधी संपतो, दिसतं. चलन किती थकलंय तेही मोबाइलवर बघता येतं. कर्ज असेल तर बँकेचं ना हरकत पत्र आणि फॉर्म 35 हातात आल्याशिवाय पैसे देऊ नका. विक्रीला फॉर्म 29 आणि 30. चासी नंबर गाडीवरचा आणि कागदावरचा स्वतः जुळवून बघा. आणि तुम्ही विकणाऱ्या असाल तर नाव बदलेपर्यंत गप्प बसू नका. अपघात झाला तर आरसीवर ज्याचं नाव, भरपाई त्याच्या गळ्यात पडते.

गाडी बघायला सकाळी जा, इंजिन गार असताना. आधीच सुरू करून गरम करून ठेवली असेल तर काहीतरी लपवताहेत असं समजा. निळसर धूर म्हणजे ऑइल जळतंय. टायरच्या अंगावर चार आकडे असतात, 2319 असेल तर 2019 सालच्या तेविसाव्या आठवड्यातला टायर. मीटर चाळीस हजार दाखवतोय आणि ब्रेकच्या पायपट्टीचं रबर झिजून गुळगुळीत, तर मीटर मागं फिरवलाय. आपल्या भागात आणखी एक बघायचं ते पुराचं. 2019 आणि 2021 च्या पुरात कितीतरी गाड्या पाण्याखाली गेल्या. सीटचा पट्टा शेवटपर्यंत ओढून बघा. बाहेरचा भाग धुतात, आत गुंडाळलेल्या पट्ट्यावर गाळाचा डाग राहतो. पायाखालची चटई उचलून वास घ्या.

राहिलं नाव. दुधाचा पैसा बाईचा, गटाचं कर्ज बाईच्या नावावर, आणि आरसीवर मालक म्हणून नवरा. हे मी सात-आठ घरांत बघितलंय. उद्या घरात वाटणी झाली, गाडी विकली, तर हप्ते तिच्याकडे आणि पैसे दुसरीकडे. ज्याचं कर्ज त्याचं नाव, असा ठराव आमच्या गटानं त्याच बैठकीत केला. काही बँका बाईच्या नावावर कर्ज असलं तर व्याजात थोडी सूट देतात, तेही विचारा.

ताई पुढच्या बैठकीला कागद घेऊन आल्या. नवी बोलेरो खोडली होती. सात माणसांची, एअरबॅगवाली जुनी इको ठरली, तीही तालुक्यातल्या शिक्षकांची, एका हातची. साठ हजारांऐवजी चाळीस हजार मागितले, एका सहीचाही विरोध झाला नाही. नऊ जणांत दोघं मोटरसायकलवरून मागं येणार, ते पोरांनी आनंदानं मान्य केलंय. आरसी ताईंच्या नावावर झाली. गेल्या सोमवारी त्यांनी लर्निंग लायसन्सचा अर्ज भरला, आणि सध्या संध्याकाळी डेअरीच्या मोकळ्या आवारात पहिला गिअर टाकताना गाडी बंद पडते आहे.