मीठ, मासळी आणि ताट : मीरा-भाईंदरची खाद्ययात्रा

मुंबईच्या उत्तर वेशीला लागून, वसईच्या खाडीच्या दक्षिण तीरावर मीरा-भाईंदर हे शहर वसले आहे. १९८५ मध्ये येथील काही ग्रामपंचायती एकत्र करून नगरपरिषद स्थापन झाली आणि २८ फेब्रुवारी २००२ रोजी महानगरपालिका अस्तित्वात आली. २००१ च्या जनगणनेत सुमारे ५ लाख २० हजार असलेली लोकसंख्या २०११ मध्ये ८ लाख ९ हजारांवर गेली. इतक्या वेगाने वाढलेल्या शहरात देशाच्या निरनिराळ्या भागांतून माणसे आली आणि येताना आपापली चूलही घेऊन आली. त्यामुळे येथे रुचिपालटासाठी बाहेर पडणाऱ्याला कोकण, गुजरात, राजस्थान, कर्नाटक आणि अवध हे प्रांत एकमेकांपासून काही किलोमीटरांच्या अंतरावर भेटतात.

उपाहारगृहांच्या पाट्या बदलत असतात. वस्त्यांची चव मात्र सहसा बदलत नाही. म्हणून या शहरात काय खावे, याचा शोध वस्त्यांच्या क्रमाने घेणे सोयीचे ठरते. असा शोध घेताना एक गोष्ट ध्यानात येते. ज्यांनी या भूमीवर प्रथम चूल मांडली, त्या आगरी, कोळी आणि ईस्ट इंडियन समाजांचे अन्नच उपाहारगृहांच्या दरपत्रकावर सर्वांत कमी आढळते.

खाडीकाठची चूल

भाईंदर म्हटले की जुन्या पिढीला मिठागरे आठवतात. भरतीचे पाणी बांधांनी अडवायचे, एका खाचरातून दुसऱ्या खाचरात फिरवत उन्हाने आटवायचे आणि शेवटच्या वाफ्यात स्फटिक धरले की ते ओढून रास करायची, असा हा उद्योग पावसाळा संपल्यावर सुरू होऊन पुढील पावसाच्या तोंडापर्यंत चालतो. या मिठागरांचे क्षेत्र आता आक्रसले आहे. थेट खाण्यासाठी केवळ आयोडिनयुक्त मीठच विकण्याचे बंधन असल्याने मिठागरातील कच्चे मीठ जसेच्या तसे ताटात वाढले जात नाही. मासळी खारवण्यासाठी मात्र अशा जाड्या मिठाचा उपयोग पूर्वापार होत आला आहे.

मीठ पिकवणाऱ्या आणि खारजमिनीत भात लावणाऱ्या आगरी समाजाचे जेवण खाडीने घडवले. तांदळाची भाकरी, चिंबोरीचे कालवण, सुका जवळा, कालवे आणि हळदी-हंगामाच्या दिवसांत होणारे वडे हे त्याचे ठळक विशेष. हे जेवण देणाऱ्या घरगुती खानावळी आकाराने लहान असतात. तेथे दरपत्रकावरून पदार्थ निवडण्यापेक्षा ‘आज काय आले आहे?’ असे विचारणेच योग्य. खाडीत जे मिळाले, तेच त्या दिवशी रांधले जाते.

उत्तनचा किनारा

भाईंदर स्थानकाच्या पश्चिमेकडून राई-मुर्धे मागे टाकत रस्ता डोंगरी, उत्तन, पाली आणि चौक या किनारी गावांकडे जातो. महानगरपालिकेची बस या मार्गावर धावते. चौक येथील धारावी किल्ल्याचे अवशेष चिमाजी अप्पांच्या वसई मोहिमेची साक्ष देतात. १७३९ मध्ये वसई मराठ्यांकडे आली; या मोहिमेपूर्वी हा प्रदेश पोर्तुगीज अमलाखाली होता.

उत्तनची खरी ओळख म्हणजे बोंबील. ओहोटी-भरतीच्या प्रवाहात डोल जाळे लावून तो पकडला जातो. या मासळीच्या अंगी पाण्याचे प्रमाण फार असल्याने ती लवकर खराब होते. म्हणून ताजी खाणे किंवा त्वरेने सुकवणे, हे दोनच मार्ग उरतात. किनाऱ्यावर बांबूंच्या उंच मांडवांवर जोडीजोडीने लटकवलेले बोंबील हे येथील नित्याचे दृश्य. सुकवणे, निवडणे आणि बाजारात विकणे ही कामे मुख्यत्वे कोळी महिला करतात. सुकवणीच्या दिवसांत अवकाळी पाऊस आला की मांडवावरची मासळी भिजते आणि अनेक दिवसांचे श्रम वाया जातात.

ताजा बोंबील वजनाखाली दाबून त्यातील पाणी काढतात आणि तांदळाच्या पिठात किंवा रव्यात घोळवून तळतात. तो कुरकुरीत आणि आत लोण्यासारखा मऊ लागला, की मासळी ताजी होती असे खुशाल समजावे. सुका बोंबील भाजून केलेली चटणी आणि बटाटा-वांग्यात घातलेले कालवण हे पावसाळ्यातील अन्न. दरवर्षी पावसाळ्यात यांत्रिक नौकांच्या मासेमारीस बंदी असते. तेव्हा सुक्या मासळीवरच किनाऱ्याची भिस्त असते. बंदीच्या दिवसांत उपाहारगृहात मिळणारी पापलेट, सुरमई ही बहुधा शीतगृहातील किंवा परप्रांतातील असते, हे ग्राहकाने जाणून घ्यावे.

पापलेटला २०२३ मध्ये राज्यमाशाचा दर्जा देण्यात आला. त्याच वर्षी, कोणत्या जातीचा मासा किमान किती लांबीचा असल्यास पकडावा, याविषयीचे नियमही राज्यात लागू झाले. पूर्ण वाढ न झालेला मासा ताटात आला, तर पुढील हंगामाची बीजमासळीच खाल्ली जाते. तळहाताहून लहान पापलेट मागवण्याचे टाळणे, ही ग्राहकाने कोळी बांधवांना केलेली मोठी मदत होय.

बाटलीतला मसाला

याच पट्ट्यातील ख्रिस्ती गावांतून ईस्ट इंडियन स्वयंपाक टिकून आहे. साष्टी आणि वसई परिसरातील या मराठी बोलणाऱ्या ख्रिस्ती समाजाने १८८७ मध्ये, व्हिक्टोरिया राणीच्या कारकिर्दीच्या सुवर्णमहोत्सवी वर्षात, ‘ईस्ट इंडियन’ हे नाव धारण केले. उन्हाळ्यात अनेक प्रकारचे मसाले भाजून, कुटून ते बिअरच्या गडद बाटल्यांत दाबून भरण्याची त्यांची प्रथा आहे; त्यावरून ‘बॉटल मसाला’ हे नाव रूढ झाले. सोरपोतेल आणि विंदालू या पदार्थांतून पोर्तुगीज वारसा दिसतो, तर सोबतीला तांदळाची भाकरी असते. आंबवलेल्या मैद्याचे तळलेले गोल फुगे लग्नसमारंभात हवेतच. हे पदार्थ उपाहारगृहापेक्षा घरगुती मागणीवर, विशेषतः नाताळच्या सुमारास मिळतात. त्यामुळे ते आधी सांगून करवून घ्यावे लागतात.

स्थानकांभोवती

उपनगरी रेल्वेबरोबर उडुपी उपाहारगृहे उत्तरेकडे सरकत आली. मुंबईत माटुंगा हे त्यांचे माहेरघर; तेथील ए. रामा नायक यांची प्रसिद्ध खानावळ १९४२ सालची. इडली, डोसा आणि गाळीव कॉफी माफक दरात, त्वरित आणि स्वच्छपणे देण्याची ही पद्धत भाईंदर आणि मीरा रोड स्थानकांबाहेरही स्थिरावली आहे. शेजारीच वडापावची गाडी असते. त्यातील पाव हा शब्द पोर्तुगीज भाषेतून मराठीत आला, हे उत्तनच्या इतिहासाशी नाते सांगणारे आहे.

भाईंदर पश्चिमेत गुजराती व राजस्थानी कुटुंबांची, त्यातही जैनधर्मीयांची वस्ती मोठी आहे. ढोकळा, खांडवी, हांडवो, दाल-बाटी यांबरोबर येथे पथ्याची पाककला पाहावयास मिळते. कांदा, लसूण, बटाटा वर्ज्य असल्याने पावभाजीत बटाट्याची जागा कच्चे केळे घेते. सूर्यास्तापूर्वी भोजन आटोपण्याचा नियम पाळणाऱ्यांमुळे संध्याकाळची गर्दी येथे लवकर होते.

मीरा रोड पूर्वेकडील नया नगरचा दिवस याउलट उशिरापर्यंत चालतो. रात्रभर मंद आचेवर शिजणारी निहारी, गहू-डाळी-मांस एकजीव केलेला खिचडा, दूध-केशराचा शीरमाल आणि कबाब ही येथील वैशिष्ट्ये. निहारीचे नाव ‘नहार’ म्हणजे दिवस या अरबी शब्दावरून पडले. ती सकाळी खाण्याची चीज आहे. रमजानच्या महिन्यात सूर्यास्तानंतर येथील रस्ते खाद्यपदार्थांनी फुलून जातात आणि सर्व धर्मांचे खवय्ये तेथे एकत्र येतात.

भाईंदर पूर्वेला स्टेनलेस स्टीलची भांडी घडवणारे लहान कारखाने आहेत. त्यांतील कामगारांसाठी चालणाऱ्या साध्या खानावळींत सातूचे सारण भरलेली लिट्टी आणि चोखा मिळतो. देशभरातील उपाहारगृहांत ज्या ताट-वाट्यांतून जेवण वाढले जाते, तशी ताटे येथे घडतात. एका शहराने मीठ पिकवावे, मासळी पुरवावी आणि ताटही घडवावे, हा योग विरळाच.

ग्राहकाची दक्षता

चवीइतकेच महत्त्व स्वच्छतेला आहे. २००६ चा अन्नसुरक्षा व मानके कायदा ऑगस्ट २०११ पासून अमलात आला. त्यानुसार प्रत्येक खाद्यव्यावसायिकाला नोंदणी किंवा परवाना आवश्यक असून त्याचा १४ अंकी क्रमांक दर्शनी भागी लावणे बंधनकारक आहे. तो दिसतो का, हे प्रथम पाहावे. गरम पदार्थ ६० अंश सेल्सिअसहून अधिक आणि थंड पदार्थ ५ अंशांहून कमी तापमानात ठेवले, तर जंतूंची वाढ रोखली जाते. कोमट पदार्थ धोक्याचा. वृत्तपत्राच्या कागदात खाद्यपदार्थ बांधण्यास २०१८ च्या वेष्टन नियमांनी मनाई आहे, कारण शाईतील घटक अन्नात उतरतात. पुन्हा पुन्हा तापवून काळे पडलेले तेल दिसल्यास तेथील तळलेले पदार्थ टाळावेत. तक्रार असल्यास पावती जपून ठेवून अन्न व औषध प्रशासनाकडे दाद मागता येते.

आगरी, कोळी आणि ईस्ट इंडियन घरांतील पाककौशल्याला व्यवसायाचे रूप मिळणे हेही तितकेच अगत्याचे आहे. २०२० मध्ये सुरू झालेल्या प्रधानमंत्री सूक्ष्म अन्नप्रक्रिया उद्योग योजनेत पात्र उद्योगाला प्रकल्पखर्चाच्या ३५ टक्के, कमाल १० लाख रुपये, कर्जाशी निगडित अनुदानाची तरतूद करण्यात आली. सुकी मासळी, बॉटल मसाला, तांदळाचे पीठ यांसारखी उत्पादने स्वच्छ वेष्टनात बाजारात आणणाऱ्या महिला बचत गटांना अशा साहाय्याचा मोठा आधार होऊ शकतो.

मात्र कोणतेही अनुदान ग्राहकाची जागा घेऊ शकत नाही. परगावची चव चाखण्याची हौस नागरिकांना आहेच. तिच्या जोडीने महिन्यातून एखादा दिवस उत्तनच्या रस्त्याला लागून तेथील बोंबील आणि तांदळाची भाकरी मागितली गेली, तर या भूमीची पहिली चूल पेटती राहील.